एकटीनं पळायचं नाही

बाई, शुक्रवारी एका आईनं माझ्याकडे मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. मुलगी चौथीत आहे. बरेच दिवस शाळेत येत नव्हती. कधी पोट दुखतं, कधी डोकं दुखतं, असे निरोप यायचे. आई माझ्या टेबलासमोर खुर्ची असूनही उभीच राहिली. म्हणाली, "गावाकडं ठिवते मॅडम तिला, हिमायतनगरला, माझ्या आईपाशी. इतं तिचं मन लागून न्हाई राहिलं." मी म्हणाले, सोमवारपर्यंत थांबा. सोमवारी मी असं काय वेगळं करणार होते, ते मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिनं विचारलंही नाही. लोक कचेरीत ज्या आवाजात "बरं" म्हणतात त्या आवाजात बरं म्हणाली आणि गेली. आज रविवार आहे. उद्या ती मुलगी येते की नाही, एवढी एकच गोष्ट डोक्यात आहे, आणि मी तुम्हाला लिहायला बसले आहे. रोजनिशी मी कॉलेजात असल्यापासून लिहिते, पण तिच्यात तुमच्याशी असं समोरासमोर कधी बोलले नव्हते. तुम्हाला जाऊनही आता फार वर्षं झाली.

तुम्ही पाहिलेलं लातूर आता राहिलेलं नाही. मी मुख्याध्यापिका आहे ती शाळा ज्या रस्त्यावर आहे तिथे एकेका इमारतीत दोन-तीन क्लासेस, वर होस्टेल, खाली झेरॉक्स, मधल्या मजल्यावर अभ्यासिका. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला इथे येतात. काहींच्या आया सोबत येऊन दोन खोल्या घेऊन राहतात आणि धाकट्या भावंडांना आमच्या शाळेत घालतात. त्यामुळे आमच्या चौथीतल्या लेकरांनाही कुणाच्या दादाला किती मार्क पडले ते पाठ असतं. ही मुलगी याच रस्त्यावर मेस चालवणाऱ्या बाईची. इकडे मेसमध्ये, होस्टेलवर काम करणाऱ्या प्रत्येक बाईला पोरं मावशी म्हणतात. "मावशी, अजून एक पोळी." त्यात वाईट काही नाही, घर सोडून आलेल्या पोरांना तेवढंच बरं वाटतं. पण आमच्या वर्गातल्या तिघा पोरांनी या नऊ वर्षांच्या मुलीला मावशी म्हणायला सुरुवात केली. "मावशी, पाणी आण." "मावशी, आज भाजी कायची?" मग मधल्या सुट्टीत आपलं जेवून झालं की खरकटे डबे तिच्या बाकावर ठेवायला लागले. "घासून ठेव गं मावशी, घंटा व्हायच्या आत." आणि ती ते डबे उचलून नळावर न्यायची. वर्गशिक्षिकेनं विचारलं तेव्हा तिघांतला म्होरक्या सरळ तोंडानं म्हणाला, "मावशी तर चांगला शब्द आहे ना मॅडम? आम्ही रिस्पेक्टच देतो."

आमच्या संस्थेच्या सचिवांनी यावर लगेच तोडगा काढला. "तिघांना स्टेजवर घ्या मॅडम, माईकवर सॉरी म्हणायला लावा, मुलीलाही बोलवून शेजारी उभी करा. व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकू. कडक मेसेज गेला पाहिजे." त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी कदाचित हो म्हणाले असते. पण ते "शेजारी उभी करा" म्हणाले आणि मला आपल्या कंधारच्या शाळेचं पटांगण दिसलं, तुमच्या हातातली छडी दिसली आणि तुमच्या शेजारी उभी असलेली मी.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या घराचं मातीचं माळवद खाली बसलं. आजी आणि माझा धाकटा भाऊ त्याखाली राहिले. आई-वडील गावाबाहेर पत्र्याच्या शेडात होते आणि मला शाळा बुडू नये म्हणून मामाकडे कंधारला आणून सोडलं होतं. तुमचा वर्ग पटांगणाच्या कडेच्या खोलीत भरायचा, वर पत्रा आणि मागची भिंतही पत्र्याची. मी पहिल्या दिवशी आले तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, "हिच्यासाठी जरा सरका रे." गाव कोणतं, काय झालं, कोण गेलं, काही विचारलं नाही. पण मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळलंच. माझं गाव किल्लारी नव्हतं. पोरांना तेवढंच नाव माहीत होतं, म्हणून माझं नाव किल्लारी पडलं. मग मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या एका मुलाला शोध लागला की पत्र्यावर टाचा आपटल्या की धडधड असा आवाज होतो, आणि तो आवाज झाला की मी उठून पळते. पाटी तिथेच, चपला तिथेच. मला कळायचं, बाई, की हा तोच मुलगा आहे. कळायचं आणि पाय तरी थांबायचे नाहीत. पटांगणाच्या मध्यावर जाऊन मी उभी राहायचे आणि मागून हसण्याचा आवाज यायचा. "जमीन हल्ली का गं? लई हल्ली का?" परत यायला जेवढी लाज वाटायची तेवढी मला आयुष्यात पुन्हा कशाची वाटलेली नाही.

तुमच्या लक्षात आलं तेव्हा तुम्हाला राग आला. तुमचा राग आम्ही तोपर्यंत पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तुम्ही त्या मुलाला आणि त्याच्या जोडीदाराला पुढे बोलावलंत, मला बोलावलंत, सगळ्या शाळेसमोर दोघांच्या हातावर छड्या मारल्यात आणि म्हणालात, "हिच्या पाया पडा." ते पडले. माझ्या पायाला त्यांचे हात लागले तेव्हा मला वाटलं, आता मी मेले. तसंच झालं. त्या दिवसापासून पत्रा वाजायचा बंद झाला. त्याऐवजी मी वर्गात शिरले की तो मान वर करून पत्र्याकडे बघायचा. मग शेजारचा बघायचा. मग सगळी रांग. कुणी बोलायचं नाही, कुणी हसायचं नाही, नुसत्या माना वर. त्याला छडी कशी मारणार? तुम्ही फळ्याकडून वळायच्या आत माना खाली यायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी मामीला सांगितलं, पोट दुखतंय.

तुम्ही घरी आलात ती दुपार मला स्वच्छ आठवते. मामी चुलीपाशी भाकरी थापते आहे, मी कोपऱ्यात शेंगा फोडते आहे, आणि तुम्ही दारात चपला काढून सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसता. मामी गडबडून चहा ठेवते. तुम्ही तिच्याशी बोलत नाही, माझ्याशी बोलता. "मी घाई केली," तुम्ही म्हणता. "मला लई राग आला आणि मी घाई केली. तुला विचारलं न्हाई. चुकलं माझं." मामीचा भाकरीवरचा हात थांबतो. मोठं माणूस, त्यात मास्तरीण, एका लेकराला चुकलं म्हणतंय, हे आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. मग तुम्ही विचारता, "आता तू सांग. मी काय करू?" मी हातातली शेंग फोडते, दाणे काढते. आणि मी म्हणते, "मला पळू द्या. पळाले की कुणी हसू नये." तुम्ही त्यावर नीट विचार करता, मी एखादं अवघड गणित घातल्यासारखा. "हसणं माझ्या हातात न्हाई," तुम्ही म्हणता, "पण तू पळालीस की मी बी पळीन. एकटीनं पळायचं न्हाई, एवढं ठरलं आपलं." चहा पिऊन झाल्यावर तुम्ही कप स्वतः विसळून पालथा ठेवलात. मामी "असू द्या हो बाई" म्हणाली, पण उशिरा म्हणाली. तुमचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत होतं हे मला तेव्हा माहीत होतं. त्या कपाशी त्याचा काय संबंध, ते कळायला मला कॉलेजात जावं लागलं. एकटं पडण्याबद्दल तुम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि मग तो दिवस. मी वर्गात परत आलेली पाहून त्या मुलाच्या टाचा पुन्हा शिवशिवल्या असतील. भूगोल चालू होता. धडधड वाजलं आणि मी उठले. माझ्याबरोबर तुम्ही. एका हातात खडू, दुसऱ्या हातानं निऱ्या वर धरलेल्या, आणि तुम्ही खरंच धावलात बाई, खोटं खोटं नाही. "पळा रे!" असं ओरडलात. बाई पळाल्या म्हटल्यावर पुढच्या ओळी उठल्या, मग मागच्या, धक्काबुक्की, पाट्या फुटल्या, कुणीतरी रडायला लागलं. सगळा वर्ग पटांगणात. आणि खोलीत तो एकटा, भिंतीला टेकलेला. स्वतःच वाजवलेल्या पत्र्याला घाबरून शेवटी तोही धावत बाहेर आला, तोंड पांढरं पडलेलं. मोठे गुरुजी ऑफिसातून बाहेर येऊन ओरडले, "बाई, शाळा हाय का कबड्डीचं मैदान?" तुम्ही धापा टाकत म्हणालात, "पोरं भेली हायेत गुरुजी. मी बी भेलेय." मग तुम्ही आम्हाला तिथेच मातीत बसवलंत आणि विचारलंत, रात्री घरात कोण कोण झोपतं. एकही हात वर आला नाही. कंधारची एकही भिंत पडली नव्हती, पण जमीन त्यांच्याही खाली हलली होती. एक मुलगी म्हणाली, तिची आई पेल्यांवर पेले रचून ठेवते, पडले की पळायचं. एक म्हणाला, अब्बा चाळीतल्या सगळ्यांना रस्त्यावर झोपवतात. तुम्ही त्या मुलाकडे पाहिलंत, नाव घेतलं नाहीत. तो मातीत बोटानं रेघा ओढत म्हणाला, "आमी बैलगाडीत झोपताव. आजी म्हन्ती गाडीला चाकं हायेत, काय न्हाई होत." तेव्हा हसले सगळे, मीसुद्धा, आणि तोही. त्यानंतर दोन-तीनदा आपण सगळे मिळून पळालो. पुढे पुढे तो खेळच झाला, आणि मग एक दिवस पत्रा वाजला आणि मी उठलेच नाही. त्याचं मलाही नंतर लक्षात आलं.

ही गोष्ट मी शिक्षकांच्या प्रशिक्षणांत किती वेळा सांगितली असेल. पण दर वेळी छडीचा भाग गाळते. तुम्ही सुरुवातीपासून शहाण्या होतात असं सांगते. तुम्हाला जपायला, असं मी स्वतःला समजावते. पण त्यामुळे ऐकणाऱ्यांना वाटतं की चांगल्या शिक्षिकेला एकदाच आणि बरोबरच सुचतं. काल पहिल्यांदा मी ती पूर्ण सांगितली, त्या मुलीच्या आईला, तिच्या मेसच्या स्वयंपाकघरात.

मी दुपारी गेले, जेवणाची गर्दी संपल्यावर. ती परातीत कणीक मळत होती, मुलगी कोथिंबीर निवडत होती. आईला माझ्या येण्याची भीतीच जास्त वाटली. "त्या पोरांना काय म्हनू नका मॅडम," ती हात जोडून म्हणाली, कणकेचेच हात. "त्या म्होरक्याच्या दादाचा दुपारचा डबा माझ्याकडनंच जातो, क्लासला. लई गुणी पोरगं हाय. उगं वाकडं कशाला." मी तुमची गोष्ट सांगितली. छडी, पाया पडणं, वर गेलेल्या माना, सगळं. मुलगी कोथिंबीर निवडायची थांबली होती. मी तिला तुम्ही मला विचारलं होतं तेच विचारलं, तू सांग, मी काय करू? माझ्याकडे उत्तर तयार होतं, बाई, हेच माझं चुकत आलंय. मला वाटलं होतं ती म्हणेल, त्यांना डबे ठेवू देऊ नका. ती म्हणाली, "डबे घासते तवा ते माझ्याशी बोलतात." मग आईकडे चोरून बघून, "न्हाई घासले तर कुनीच न्हाई बोलणार." आई मळायची थांबली नाही, पण मळायचा जोर वाढला. तुम्ही पळाला होतात. पण कुणी बोलावं म्हणून दुसऱ्यांची खरकटी उचलणाऱ्या लेकराबरोबर कुठे पळायचं? मी एवढंच म्हणाले, सोमवारी मी तुमच्या वर्गात जेवायला येते. तू आलीस तर तुझ्या बाजूला बसते. आई दारापर्यंत आली. म्हणाली, "बगते मॅडम. तिला जोर न्हाई करनार मी."

सोमवार, संध्याकाळ. काल इथेच थांबले होते.

सकाळी प्रार्थनेच्या आधी मी त्या म्होरक्याला ऑफिसात बोलावलं. रागवायचं नाही असं ठरवून बोलावलं, आणि विचारलं, घरी गेल्यावर काय करतोस? तो गोंधळला. "काही नाही मॅडम. दादा अभ्यास करतो. आवाज करायचा नसतो." टीव्ही नाही, मोबाईल नाही, मित्राला घरी आणायचं नाही, कुकरची शिट्टीसुद्धा आई दादा क्लासला गेल्यावर करते. "मग बोलतोस कुणाशी?" तो म्हणाला, "शाळेत." मी त्याला सांगितलं की डबे तिच्या बाकावर ठेवायचे नाहीत, ठेवलेस तर मी तुझ्या आईला बोलावीन, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. ते सांगायला हवंच होतं. नुसती कीव करून तिचं काही भलं होणार नव्हतं. पण त्याच्याकडे पाहताना मला बैलगाडी दिसत होती, हेही खरं.

प्रार्थना झाली, ती आली नव्हती. पहिला तास सुरू झाला. मी उगाच जिन्यात, उगाच फाटकापाशी. मग तिच्या आईची स्कूटी आली, पुढे पायापाशी डब्यांच्या पिशव्या, मागे ती. आई गाडीवरून उतरलीही नाही, "आली बगा तुमची," एवढं म्हणून डबे पोचवायला निघून गेली.

मधल्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन चौथीच्या वर्गात खाली बसले. सगळ्यांना गोल बसवलं. वर्ग असा गप्प झाला की चावल्याचे आवाज येत होते. मॅडम शेजारी असल्यावर कोण बोलणार! मला वाटलं, झालं, मी अजून बिघडवलं. मग मीच तिला म्हणाले, "तुझ्या आईच्या हातचं लोणचं दे की मला." तिनं एक फोड दिली. चांगलं झणझणीत होतं, मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. पोरं हसायला लागली. पलीकडची एक म्हणाली, "मला पण दे, मला नाही लागत ठसका." तिलाही लागला. मग हात पुढे यायला लागले. म्होरक्याही बघत होता; शेवटी काही न बोलता त्यानं डब्याचं झाकण पुढे केलं. तिनं सगळ्यांत लहान फोड शोधून त्याला दिली, आणि मला ते फार आवडलं.

जेवण झाल्यावर मी माझा डबा घेऊन नळावर गेले. सगळे मागे आले, आपापले डबे घेऊन. पाणी उडालं, दप्तरं भिजली, घासणीवरून भांडणं. त्या गर्दीत तिघांतला एक सवयीनं बोलून गेला, "मावशी, सरक ना!" मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी तुझी गावाकडं असंल. मी तुझ्या वर्गात हाय." आणि सगळे हसले, त्या मुलाला. मलाही हसू आलं, पण लगेच त्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं. हसणं तेच, फक्त आता दुसऱ्याकडे वळलेलं. मी त्याला हाक मारून माझा डबा धरायला दिला, माझ्या बाजूला उभं केलं. बरोबर केलं का? तुम्ही काय केलं असतं? सचिवांनी वरून पाहिलं आणि खूश होऊन विचारलं, स्वच्छतेचा उपक्रम का मॅडम, फोटो काढू? मी नको म्हणाले.

हे पत्र कुठे टाकायचं, बाई? तुमच्या गल्लीतल्या घरात आता दुसरे लोक राहतात. रोजनिशीतच राहील ते. तुम्हाला वाटेल की मी जमवलं. एका दिवसात काय जमतं? उद्या ते पुन्हा सुरू होईल, वेगळ्या रूपात होईल, आणि मला ते कदाचित दिसणारही नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती सांगितल्याशिवाय मला ही वही मिटता येत नाही. शाळा सुटताना ती फाटकापाशी थांबली. मला म्हणाली, "मॅडम, उद्या बी बसणार का तुमी आमच्यात?" मी हो म्हणाले. पण हो म्हणायच्या आधी मी थांबले. उद्या दुपारी संस्थेत बैठक आहे, ती डोक्यात आली. आता मी येत नाही म्हणून कळवून टाकलं आहे, उद्या मी वर्गातच जेवीन. तरी मी थांबले होते, आणि ते तिनं पाहिलं.